वीज पुण्यात, खदान घुग्घूसला : डंपरवाल्याला नवं काम शिकवायचे पैसे कोणी द्यायचे?

घुग्घूसचा, सध्या धायरी

माझा मावसभाऊ चंद्रपूरकडे वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, एका खाणीवर हायवा, म्हणजे मोठा डंपर, चालवतो. वेकोलिचा माणूस नाही तो. माती काढायचं कंत्राट ज्याने घेतलंय त्याचा. बारा वर्षं झाली. दिवाळीत गेलो तर टीव्हीच्या वर एक फ्रेम लटकलेली. सोलर पॅनल बसवण्याचा कोर्स, तीन महिने, उत्तीर्ण. मी म्हटलं, वा! वहिनी म्हणाली, "फ्रेमचे अडीचशे लागले जी, बाकी कोर्स फुकट होता."

मग एकेक गोष्ट निघाली. कोर्स कुठल्याशा संस्थेचा. हजेरीचा अंगठा सकाळी नऊला. याची रात्रपाळी सुटायची सहाला, घरी येईपर्यंत सात. म्हणजे झोप नाहीच, डोळ्यांवर पाणी मारून वर्गात. पॅनल एक आणि हात लावायला बावीस जण. शेवटी नोकरी निघाली ती गुजरातेत, बारा हजारांची, खोली आपली आपण बघायची. याला इथे एकवीस हजार हातात पडतात (कागदावरचा दर जास्त आहे, तो वेगळा धागा होईल). गेला नाही. पण सरकारदरबारी एक माणूस 'प्रशिक्षित' झाला आणि संस्थेचं बिल निघालं.

हे सगळं बघूनही माझं मत असं की पैसा घालायलाच हवा, फक्त असा नाही. खाण चालू आहे तोवरच शिकवा. शिकायच्या दिवसांची मजुरी द्या. आणि आधी कंत्राटी माणसाला घ्या, कारण खाण आटली की पहिला तोच सुटतो. कायम कामगाराची दुसऱ्या खाणीवर बदली होते, याची कुठे होणार?

पैसे कोणाचे, तर आपले. एक युनिट विजेला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. माझ्या धायरीच्या फ्लॅटचं बिल २०० युनिटचं येतं. ती सगळी वीज कोळशाची धरली तर महिन्याला सव्वाशे-दीडशे किलो कोळसा मी एकटा जाळतो. युनिटमागे एक पैसा वेगळा काढला तर दोन रुपये होतात. तेवढ्यात हल्ली कटिंगसुद्धा येत नाही.

आकडेमोडे

भावना पोचल्या. पण 'खाण आटली' कुठून आणलंत? देशाचं कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या वर गेलं. नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ त्याचं, साल आपण ग्लासगोच्या हवामान परिषदेत सांगून आलोय २०७०. जो धंदा वाढतोय त्यातल्या माणसाला आत्ताच दुसरं काम शिकवायचं म्हणजे लग्नाआधी बारसं.

आणि हा प्रयोग आपण करून बसलोय. १९९२ मध्ये नॅशनल रिन्युअल फंड काढला होता. उदारीकरणात ज्यांच्या नोकऱ्या जातील त्यांना नवं काम शिकवायचं, असा गाजावाजा. बहुतेक पैसा गेला स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा वाटण्यात, शिकवण्यावर किरकोळ. शेवटी फंड गुंडाळला. तेव्हा प्रशिक्षणाचा सोस सोडा आणि ती रक्कम थेट कामगाराच्या खात्यात टाका. टपरी काढायची, म्हैस घ्यायची की कोर्स करायचा, त्याचं त्याला कळतं.

घुग्घूसचा, सध्या धायरी

@आकडेमोडे, कोळसा वाढतोय, माणसं नाही. १९७५ मध्ये कोल इंडिया निघाली तेव्हा वर्षाला ७.९ कोटी टन काढायची, आता ७८ कोटी. जवळजवळ दसपट. एकेकाळी पटावर सहा लाखांहून जास्त कामगार होते, आज सव्वादोन लाखांच्या आसपास. बाकीचं काम यंत्रांनी आणि कंत्राटदारांनी उचललं. आमच्याकडे भूमिगत खदानी बंद होऊन ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या खोदायच्या, आल्या, तेव्हा हाताने कोळसा भरणाऱ्या लोडर लोकांच्या आख्ख्या पिढीचं काम गेलं. तुमचा टनांचा आलेख वर जात होता त्याच वर्षांत कॉलनीतली क्वार्टर्स रिकामी पडत होती. खिडक्यांची चौकटसुद्धा लोकांनी काढून नेलीय.

पेठेतला जुना

माझे वडील नारायण पेठेत एका छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा वेगाने वाचायचे. डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं आणि दोन वर्षांत खिळे भंगारात किलोवर गेले. ना कुठला फंड होता ना योजना. पंचेचाळिसाव्या वर्षी शेजारच्या पोराकडून कीबोर्ड शिकले आणि पुढे पंधरा वर्षं प्रूफं तपासली. उद्या रद्दीवाला म्हणेल ऑनलाइन पेपरने माझा धंदा बुडवला, माझंही वीजबिलात लावा. बिल काढून बघा एकदा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. त्यात आता 'मावसभाऊ आकार' नको.

फिटर मॅडम

मावसभाऊ आकार! हसले, पण काका, एक फरक आहे. तुमच्या वडिलांना प्रूफं तपासायला त्याच गल्लीत दुसरा छापखाना मिळाला. बिऱ्हाड हलवावं लागलं नाही. घुग्घूस-माजरीसारख्या गावात किराणावाला, न्हावी, शिकवणीवाली बाई, सगळे खाणीच्या पगारावर. तिथे शेजारचा पोरगा कीबोर्ड शिकवेल, पण टाइप करून घेणारं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

मी सरकारी आयटीआयत शिल्प निदेशक आहे, फिटर ट्रेड. मधे एक छोटा कोर्स घेतला होता, बंद पडलेल्या एका कंपनीतल्या माणसांसाठी. चाळिशी-पंचेचाळिशीची माणसं. पहिल्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे लोखंडाचा ठोकळा आणि कानस दिली. ठोकळा घासायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायचं. पोरांचे यात आठ-दहा दिवस जातात. एका गृहस्थांनी दुपारच्या चहापर्यंत ठोकळा टेबलावर ठेवला. गुण्याखालून केसाएवढाही उजेड नाही. मी विचारलं, तुम्ही इथे कशाला आलात? म्हणाले, "मॅडम, हात शाबूत आहे हो. कागद नाही."

तेव्हा @घुग्घूसचा, तुमच्या भावाला सोलर शिकवणं हीच मुळात चूक झाली. बारा वर्षं हायवा चालवणाऱ्याला गिअर, ब्रेक, हायड्रॉलिक जॅक, टायर, सगळं आवाजावरून कळतं. त्याची आधी परीक्षा घ्या, जे येतं त्याचा दाखला द्या आणि जे येत नाही तेवढंच शिकवा. तीन महिने नाही लागत, तीन आठवडे पुरतात. खर्चही तेवढा कमी.

तुमच्या एका मुद्द्याशी मात्र अजिबात सहमत नाही. कायमवाला सुटला असं समजू नका. पन्नाशीच्या वरच्या माणसाला बाकावर बसवणं हा छळ आहे, त्याला लवकर पेन्शन द्यावी. जर्मनीने तेच केलं. २००७ मध्ये ठरवलं आणि २०१८ च्या डिसेंबरात दगडी कोळशाची शेवटची खाण बंद केली. मधली अकरा वर्षं वय झालेल्यांना लवकर निवृत्ती आणि बाकीच्यांच्या बदल्या, कोणाला रस्त्यावर काढलं नाही. आपण 'पुनर्प्रशिक्षण' म्हणून ज्याचे गोडवे गातो त्यात निम्म्याहून जास्त पेन्शनच असते.

भोसरीचा

मॅडमचं पटलं, पण मुद्दा वेगळाच आहे. कोळसाच का लाडका? माझं भोसरीत गाळ्यात जॉबवर्क आहे, इंजिनाचे पार्ट. माझ्याकडे सात पोरं आहेत. इलेक्ट्रिक गाडीत ना पिस्टन, ना गॅस्केट, ना सायलेन्सर. चाकणपर्यंत हजारो गाळे याच चिंतेत आहेत. आमची खाण जमिनीच्या वर आहे म्हणून दिसत नाही, एवढंच. आम्ही युनिटमागे पैसा द्यायचा चंद्रपूरसाठी, आणि आमची वेळ आली की पेठेतले काका म्हणणार 'गाळा आकार नको'.

आणि @आकडेमोडे, खात्यात पैसे टाका म्हणता ना, ते घरात बघितलंय. वडिलांनी पिंपरीतल्या कंपनीतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. रकमेचे तीन भाग झाले : ताईचं लग्न, गावाकडचं घर आणि एक रिक्षा. रिक्षा तेवढी चार वर्षं चालली. वडील चांगले टर्नर होते. नंतर लेथला हात लावला नाही, वॉचमनकी केली.

मुळशीकर

वीज एकाची, जमीन दुसऱ्याची, हे पुणे जिल्ह्याला कोणी नव्याने सांगायला नको. १९२१ मध्ये सेनापती बापट मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले ते याचसाठी. धरण आमच्या खोऱ्यात, दिवे मुंबईत. आज आपण दिव्याखाली बसलोय म्हणून दोन रुपये जड वाटतायत.

आकडेमोडे

@भोसरीचा, वडिलांचं वाचून जरा थांबलो. तरी माझी खरी अडचण विश्वासाची आहे. कोळशावर उपकर २०१० मध्ये लागला, टनाला ५० रुपये, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो राज्यांच्या नुकसानभरपाईत वळता केला. स्वच्छ ऊर्जा राहिली बाजूला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच काढला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. आता हिशोब करा : तेव्हाचं देशाचं उत्पादन साधारण ७० कोटी टन, गुणिले ४०० म्हणजे वर्षाला २८ हजार कोटी. त्यातला शंभरातला एक रुपया जरी खाणगावांकडे वळवला असता तर वर्षाला २८० कोटी होत होते. तेव्हा वळवला नाही. तुमचा एक पैसाही असाच कुठल्यातरी खड्ड्यात जाईल. त्यापेक्षा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहेच की! २०१५ पासून रॉयल्टीच्या प्रमाणात खाणवाल्यांकडून जमा होतो, जिल्ह्यातच राहतो आणि खर्चाच्या यादीत कौशल्य विकास आहे. तो वापरा. नवीन डबा कशाला?

घुग्घूसचा, सध्या धायरी

डबा चालेल, पण त्यातून आधी रस्ता, सभामंडप आणि कंपाउंड निघतं. त्यांच्यासमोर नारळ फोडून फोटो काढता येतो. शिकलेल्या माणसासमोर काय फोडणार?

दुसरं म्हणजे कंत्राटी माणूस यादीतच नसतो. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाचं कोळशाचं वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केलं. जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले होते. कायम लोकांची दुसरीकडे सोय लागली, कंत्राटी लोक घरी बसले, आणि प्रशिक्षण उभं राहीपर्यंत गाव चिडलेलं. तेव्हा फंड कुठलाही असो, पहिलं काम गेटवरचं रजिस्टर. कोण, कुठल्या कंत्राटदाराकडे, किती वर्षं. ते झाल्याशिवाय एक रुपयाही द्यायला मी सांगणार नाही, हे मान्य.

@भोसरीचा, तुमच्या सात पोरांचंही त्याच रजिस्टरात येऊ द्या. माझी ना नाही.

पेठेतला जुना

गेटवरचं रजिस्टर ठेवणार कोण? कंत्राटदारच ना? मग झालं.

(दोन रुपये देईन मी. पण बिलात तो आकार कशाचा ते मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापा.)

घुग्घूसचा, सध्या धायरी

रात्री भावाला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. मॅडमचं बोलणं त्याने दोनदा ऐकलं. म्हणाला, "दादा, त्या बाईले विचार, पोकलेनचा दाखला देते का. तुमच्या पुण्यात मेट्रोचं काम सुरूच आहे ना?" मी म्हटलं, पुण्यात खोलीचं भाडं ऐकशील तर परत हायव्यावर चढशील. हसला.

मग म्हणे, कोर्स घेतला तर अंगठा नऊला नको, अकराला ठेवा म्हणा. दोन तास झोप तरी होईल.