समुद्रातल्या ‘डिप्रेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका: आमच्या बंदरावरच्या मच्छीमारांसाठी मी हवामानाची इंग्रजी पत्रकं मराठीत करते. मे २०२५ मध्ये कोकणासमोर डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या पायरीचं कमी दाबाचं क्षेत्र, तयार झालं आणि २४ तारखेला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. तेव्हा मी ‘लहान वादळ’ लिहिलं. एक वयस्कर तांडेल (होडीचे प्रमुख) २००९ च्या चक्रीवादळाची आठवण काढून म्हणाले, “वादळ म्हणजे फयान. ह्याला वादळ म्हणू नको.” परिभाषेतला ‘अवदाब’ इथे कुणालाच कळत नाही. पावसाळ्याआधी शब्द ठरवायचा आहे.

परिभाषाप्रेमी: अवदाबच लिहा. ताशी ३१ ते ५० किमी वारा असेल तर अवदाब, ५१ ते ६२ तीव्र अवदाब, ६३ पासून चक्रीवादळ. वापरलाच नाही तर शब्द रुळणार कसा? ‘सायक्लोन’ही घडवलेलाच. पिडिंग्टनने कोलकात्यात बसून तो सापाच्या वेटोळ्यावरून काढला, १८४८ च्या सुमारास.

दर्याकिनारी: आमच्याकडे बंदरावर लावलेल्या धोक्याच्या बावट्याचा नंबर विचारतात. “तीन नंबर लागला” म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ताई, बावटा लिहा.

देशावरची: आमच्या आजीचा शब्द ‘वावधान’. वाव म्हणजे वारा. वादळही ‘वात’वरूनच आलं असणार.

परिभाषाप्रेमी: मला तसं वाटत नाही. संस्कृत ‘वार्दल’, हिंदी ‘बादल’ ही ओळ पाहा. मूळ ढगाचं असावं.

देशावरची: मग मराठीत ढग राहिला कुठे? वादळ म्हटल्यावर आधी वाराच डोळ्यांपुढे येतो.

वाशिष्ठीकाठ: माझा आक्षेप ‘लहान’ला आहे. अवदाब, चक्रीवादळ ही सगळी वाऱ्याची मापं. पाऊस त्या मापाने पडत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा किनाऱ्यावर कुठलंही चक्रीवादळ आलेलं नव्हतं. ‘लहान’ वाचून माणूस तळमजल्यावरचं सामान वर चढवत नाही. तो शब्द आधी काढा, अनुवादिकाताई, आणि पाण्याचं वाक्य पहिलं घ्या.

अनुवादिका: पाण्यासाठी मी ‘पूरस्थिती’ लिहिलं होतं.

दर्याकिनारी: पूर नदीला येतो. दर्याला उधाण येतं.

परिभाषाप्रेमी: उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला उधाण म्हणणं चूक आहे.

दर्याकिनारी: बोलताना तिथी कोण बघतो? पाणी चढलं की उधाण.

वाशिष्ठीकाठ: तिथी बघायलाच हवी. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला आलं, वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. मे २०२५ मध्येही अमावास्या जवळच आलेली. भरती जोराची असली की नदीचं पाणी खाडीतून बाहेर पडत नाही, मागे चढत जातं आणि गावात शिरतं. याला पूर म्हणायचं की उधाण? मला दोन्ही अपुरे वाटतात.

देशावरची: फुगवटा! सांगलीकडे अलमट्टीच्या फुगवट्यावरून केवढा वाद चालतो.

परिभाषाप्रेमी: तो धरणामुळे मागे साठणाऱ्या पाण्याचा शब्द. खाडीला कसा लावणार?

देशावरची: का नाही? पाणी अडलं की फुगतं. भिंत सिमेंटची की भरतीची, याने काय फरक पडतो?

दर्याकिनारी: आमच्याकडे ‘पाणी तटलं’ म्हणतात.

वाशिष्ठीकाठ: ‘तटलं’ आमच्याकडेही आहे, पण पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्याला. खाडीला कुणी म्हणताना ऐकलंय का? दाभोळकडचं कुणी असेल तर सांगा.