मदत हवी आहे: रात्रपाळीची चूक, रिजेक्शनचे पैसे माझ्या पगारातून (उद्यमबाग, बेळगाव)

मच्छेकर_०७

नमस्कार मंडळी. उद्यमबागेतलं मशिन शॉप, सीएनसी लेथवर ऑपरेटर, भरती कंत्राटदाराकडून. बेसिक आणि डीए मिळून १५,६००, दुसरा भत्ता नाही. स्लिप देत नाहीत. मागितल्यावर एका चिठ्ठीवर कपात लिहून दिली, ती अशी:

पीएफ १,८००
ईएसआय ११७
पीटी (प्रोफेशन टॅक्स) २००
लेट ६०० (दोन दिवस १०-१० मिनिटं उशीर, दर वेळी अर्धा दिवस)
रिजेक्शन २,४०० (६ नग, प्रत्येकी ४००)

ओव्हरटाइम ४० तासांचा, त्याचे ३,००० दिले.

रिजेक्शनचं असं आहे. बोअर, म्हणजे नगातलं भोक, ४० मिलिमीटर, एच-७ (मापाची ठरलेली सूट). पहिल्या पाळीचे सुरुवातीचे सहा नग ४०.०४ च्या आसपास निघाले. रात्रपाळीनं जाता जाता बोरिंग बारचा इन्सर्ट (कापायचं टोक) बदलला होता, ऑफसेट (मशिनला दिलेली मापाची दुरुस्ती) मात्र तसाच. सेटर (मशिन लावून देणारा) रात्रपाळीवाल्याच्या बाजूचा, शीटवर नाव पडलं माझं. यातली कुठली कपात चालते? तक्रार कुठं करायची? आणि मराठीत अर्ज घेतात काय? कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही.

ऑफसेट_मास्तर

पगाराचं जाणकार सांगतील, मी मशिनचं सांगतो. चूक कुणाची हे आकड्यांतच आहे, ते नीट मांडा.

एच-७ म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. बोरिंगचा इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो. म्हणून ऑपरेटर वेअर (झिजेच्या) ऑफसेटला एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या मापात, थोडं थोडं प्लस देत माप ४०.०१२ च्या जवळ धरून ठेवतो. पाळी संपेपर्यंत असं ०.०३ साठलं समजा. आता नवीन इन्सर्ट लावला, म्हणजे झीज गेली, पण ते ०.०३ मशिनमध्ये राहिलं. पुढचा बोअर निघणार ४०.०४२. वरच्या मर्यादेच्या १७ मायक्रॉन (०.०१७ मिलिमीटर) बाहेर. तुमचे नग ४०.०४ निघाले, हिशोब बरोबर बसतो. बोअर लहान निघाला असता तर अजून एक कट मारून वाचला असता, मोठा झाला की भंगारच.

सेटर म्हणेल, जॉब गरम असताना मापला. खोटं आहे. बिड (कास्ट आयर्न) मीटरला एका अंशाला साधारण ११ मायक्रॉन वाढतं. ४० मिलिमीटरचा बोअर १० अंश गरम असला तरी फरक चार-साडेचार मायक्रॉनचा, सतराचा नव्हे. बोअर गेजवर शंका घेतील, म्हणून मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) झिरो तपासल्याची नोंद असेल तर ती बघून ठेवा.

आता कडू बोलतो. सहा नग का गेले? पहिला मापून थांबला असता तर एकच गेला असता. हे तुमच्या विरोधात जाणार, तयारी ठेवा. कंट्रोल प्लॅनमध्ये (कुठली तपासणी कुणी करायची तो तक्ता) फर्स्ट पीस अप्रूव्हल, म्हणजे पहिल्या नगाची मंजुरी, कुणाकडे लिहिलंय ते शोधा. क्वालिटीची किंवा सेटरची सही लागत असेल आणि सही नसताना मशिन चालू करायला सांगितलं असेल, तर बाजू पलटते. ते काम ऑपरेटरकडेच असेल तर पाच नगांचं उत्तर अवघड आहे.

उद्यापासून एक वही ठेवा. मशिन ताब्यात घेताना चार गोष्टी: वेळ, टूल नंबर, वेअर पानावरचा एक्सचा आकडा (फॅनुक कंट्रोलवर ऑफसेट बटण, मग वेअर) आणि इन्सर्टचा कितवा कोपरा. खाली आधीच्या पाळीवाल्याची सही. तो देणार नाही, मग सुपरवायझरची घ्या. शॉपमध्ये मोबाइल बंद असतो, फोटोच्या नादाला लागू नका, तोच मुद्दा तुमच्यावर उलटवतील.

अजून एक. ब्लोहोल (ओतकामातली हवेची पोकळी) किंवा वाळू निघालेला नग मशिनिंग रिजेक्शनमध्ये धरू देऊ नका. ते कास्टिंगमध्येच असतं, कट मारल्यावर दिसतं इतकंच. तो सीआर (कास्टिंग रिजेक्शन), एमआर (मशिनिंग रिजेक्शन) नव्हे. महिन्याच्या शेवटी फाउंड्रीशी भांडण नको म्हणून सगळं एमआरला ढकलायची खोड बऱ्याच ठिकाणी आहे.

पगारपत्रक

ओळीनं घेऊ.

पीएफ: १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआय: ०.७५ टक्के, ११७. दोन्ही आकडे बरोबर. पण कापले म्हणजे भरले असं नव्हे. यूएएननं (पीएफचा तुमचा नंबर) पासबुक उघडा. कंत्राटदार असेल तर दर महिन्याला बघा.

पीटी: कर्नाटकात महिना २५,००० च्या खाली प्रोफेशन टॅक्स नाहीच. २०० रुपये परत मागा.

लेट: १५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ६००, आठ तासांनी तासाला ७५. दहा मिनिटांचे साडेबारा रुपये. गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. दोन दिवसांचे फार तर २५, घेतले ६००. 'हा दंड आहे' म्हणाले तर दंडाचे नियम वेगळे: कुठल्या चुकीला दंड हे आधी जाहीर हवं, कामगाराचं म्हणणं ऐकायला हवं, आणि महिन्याचा दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तुमच्या बाबतीत ४६८. म्हणजे ६०० कसेही बसत नाहीत.

ओव्हरटाइम: दुप्पट दर. तासाला १५०, ४० तासांचे ६,०००. निम्मे दिलेत. सगळ्यात मोठी रक्कम इथं आहे आणि तुम्ही ती विचारलीसुद्धा नाही!

रिजेक्शन: ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान थेट कामगाराच्या दुर्लक्षानं झालं असेल तरच कापता येतं, तेही त्याला खुलासा करायची संधी देऊन, आणि प्रत्यक्ष नुकसानीइतकंच. तुम्हाला नोटीस आली का? नसेल तर कपात इथंच अडते. वरून ४०० हा आकडा कशाचा तेही विचारा. बिडाचा खराब नग पुन्हा भट्टीत वितळतो, त्याची भंगार किंमत वजा केलीय का? विक्रीचा भाव लावला असेल तर तो तोटा नव्हे.

चारही नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. वेतन संहितेत पगाराची स्लिप देणं बंधनकारक आहे आणि दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारीही मालकावर आहे. कंत्राटदारानं हात वर केले तर मूळ कारखान्याला द्यावं लागतं, म्हणून अर्जात दोघांची नावं घाला.

मच्छेकर_०७

नोटीस नाही, तोंडीच सांगितलं. कंट्रोल प्लॅन मशिनला चिकटवलेला आहे, त्यात फर्स्ट पीसवर क्वालिटीची सही लिहिलीय. ती रोज दहा वाजता येऊन एकदम मारतात.

ऑफसेट_मास्तर

मग झालं की! सहाची पाळी, सही दहाला. त्या दिवसाचं इन्स्पेक्शन शीट जपा म्हणावं, नंतर वेळ बदलतात.

कंटाळलेला_फिटर

नोकरी सोडा आणि होनग्याच्या कारखान्यांत बघा. सगळीकडे तेच आहे म्हणा.

पगारपत्रक

सोडायचं तर सोडा, पण कोऱ्या कागदावर किंवा 'सर्व हिशोब मिळाला' अशा ओळीखाली सही करू नका. सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण पगार द्यावा लागतो, राजीनामा असला तरी. पीएफवर कंत्राटदारानं एक्झिट तारीख टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः टाकता येते.

निपाणीचा_पाहुणा

पीटीवरून एक विचारतो. घर निपाणीत, नोकरी कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत. आमच्यातल्या कुणाला २५ हजाराच्या खाली पगार असून २०० कापतात. तेही चूक काय?

पगारपत्रक

नाही. कारखाना कुठं आहे ते धरायचं, घर नव्हे. कागल महाराष्ट्रात, तिथं पुरुषांना १०,००० च्या वर २०० आणि फेब्रुवारीत ३०० लागतात. बाईमाणसाला मात्र तिथं २५,००० पर्यंत माफ आहे, ते तपासा. तक्रारही कोल्हापूरला, बेळगावला नाही. उलट मुख्य ऑफिस कोल्हापूरचं आणि काम उद्यमबागेत असेल तर कर्नाटकाचा दर. मच्छेकरांचे २०० बहुतेक महाराष्ट्राचा दर घातलेल्या पगाराच्या सॉफ्टवेअरमधून आले असणार.

खानापूर_रोड

अर्जाच्या भाषेचं. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठीत अर्ज नाकारता येत नाही. पण कार्मिक इलाख्यात (कर्नाटकाच्या कामगार खात्यात) फाइल कन्नडमध्ये चालते. नुसता मराठी अर्ज दिला तर तो वाचायला माणूस शोधण्यात दिवस जातात. हक्क आणि वेग दोन्ही हवेत तर वर मराठी अर्ज सहीसह, खाली त्याचाच कन्नड मजकूर जोडा. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट करून देतात. आकड्यांचा तक्ता एकच ठेवा, दोन्हीकडे तोच.

आधी कारखान्याला आणि कंत्राटदाराला एकेक पत्र स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह, उत्तराला १५ दिवस. पत्रात रडगाणं नको. पीटी २००, लेट ५७५, रिजेक्शन २,४००, ओव्हरटाइम ३,०००, एकूण ६,१७५ परत हवेत, एवढंच. सेटरचं नाव, कोण कुणाच्या बाजूचा, हे अजिबात लिहू नका, कागद तिथंच भरकटतो. उत्तर आलं नाही तर पत्राची प्रत, पावती, ती चिठ्ठी, बँकेचं पान आणि ओळखपत्र घेऊन लेबर ऑफिसला जा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

वकील लागला तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा. औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मच्छेकर_०७

चिठ्ठीवर कुणाची सही नाही, नुसते आकडे आहेत. चालेल काय?

खानापूर_रोड

अक्षर कुणाचं ते त्यांना माहीत आहे. मूळ चिठ्ठी कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. बँकेत जमा झालेली रक्कम चिठ्ठीशी जुळते का बघा: १५,६०० अधिक ३,००० वजा ५,११७, म्हणजे १३,४८३. रुपयासकट जुळली तर सहीचं काम ती एन्ट्रीच करते.