अनुभव धागा: सॉल्ट ॲनालिसिसमध्ये उत्तर नेमकं कुठे चुकतं?

चिमूटभर क्षार

अज्ञात क्षाराची पुडी हातात येते, त्यातला एक धन आयन आणि एक ऋण आयन ओळखायचा, एवढंच काम. टेस्टचे तक्ते सगळ्यांकडे असतात, ते कृपया इथे उतरवू नका. कोणत्या पायरीला फसगत होते, का होते आणि तुम्ही काय करता तेवढं लिहा.

सुरुवात मीच करते. पुडीतला निम्मा क्षार आधी बाजूला काढून ठेवा. सगळा विरघळवून टाकला की शेवटी हात चोळत बसावं लागतं, कारण क्लोराइड ओळखायच्या क्रोमिल क्लोराइड टेस्टला कोरडाच क्षार लागतो आणि अमोनियमची टेस्ट तर मूळ क्षारावरच करायची असते. पुढे आपणच अमोनियम क्लोराइड, अमोनिया ओतत जातो, मग त्या द्रावणात अमोनियम 'सापडलं' यात नवल काय? एका टेस्टला साधारण ०.१ ग्रॅम पुरतो.

निळी काच

फ्लेम टेस्टबद्दल, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून धन आयन ओळखण्याबद्दल. तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरायची, आणि ज्योतीला काहीच रंग येईनासा होईपर्यंत हेच करत राहायचं. क्षारही त्याच आम्लाच्या एक-दोन थेंबांत घड्याळकाचेवर कालवायचा. क्लोराइडं सहज उडतात, म्हणून हे आम्ल. सल्फेट तसंच तारेवर घेतलं तर रंग रुसून बसतो.

पिवळी ज्योत दिसली की लगेच 'सोडियम' लिहू नका. बोटाच्या घामातलं मीठही तेवढा पिवळा रंग देतं आणि त्याखाली पोटॅशियमचा जांभळा झाकला जातो. निळ्या काचेतून पाहा, पिवळा गाळला जातो.

लाल रंगांत घोळ ठरलेला. कॅल्शियमचा विटकरी लाल चमकून जातो, स्ट्रॉन्शियमचा किरमिजी रेंगाळतो. निळ्या काचेतून कॅल्शियम फिकट हिरवट दिसतं, स्ट्रॉन्शियम जांभळट. बेरियमचा पोपटी हिरवा उशिरा येतो, तार घाईने बाहेर काढू नका. शिशाचा संशय असेल तर प्लॅटिनम अजिबात नको. शिशाशी मिश्रधातू होऊन तार कामातून जाते. निक्रोम वापरा.

(अवांतर: बुन्सेन आणि किर्कहॉफ यांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम शोधलं ते ज्योतीच्या वर्णपटावरूनच.)

बुडबुडे

विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं, दोन बुडबुडे आले आणि थांबले, म्हणून 'कार्बोनेट नाही' असं ठरवणारे खूप. शिसं, बेरियम किंवा कॅल्शियमचं कार्बोनेट असेल तर कणांवर न विरघळणाऱ्या किंवा जेमतेम विरघळणाऱ्या सल्फेटचा थर बसतो आणि क्रिया मरते. अशा वेळी विरल नायट्रिक आम्लाने पुन्हा करून बघा.

चुन्याची निवळी दुधाळ झाली तरी निकाल लागत नाही, सल्फाइटमधला सल्फर डायऑक्साइडही ती दुधाळ करतो. आम्लयुक्त डायक्रोमेटचा कागद हिरवा झाला तर सल्फाइट. आणि वायू फार वेळ सोडला तर निवळी परत स्वच्छ होते, बायकार्बोनेट विरघळतं म्हणून. पहिल्या मिनिटाला काय दिसलं ते तेव्हाच लिहून ठेवा.

कडेकडेने

नायट्रेटची ब्राउन रिंग, म्हणजे दोन थरांच्या मध्ये दिसणारं तपकिरी कडं. फेरस सल्फेटचं द्रावण त्याच दिवशी केलेलं हवं. शिळं झालं की पिवळट पडतं, म्हणजे फेरसचं (लोहाचा Fe²⁺ आयन) फेरिक (Fe³⁺) झालेलं असतं आणि मग कडं येणार कुठून? नळी तिरपी धरून संहत सल्फ्युरिक आम्ल कडेकडेने, थेंबाथेंबाने सोडायचं आणि नळी हलवायची नाही. हलवली की दोन थर मिसळतात, उष्णता सुटते आणि कडं विरून जातं.

ब्रोमाइड आणि आयोडाइड इथे हमखास दगा देतात: आम्लाने ब्रोमीन किंवा आयोडीन मोकळं होतं आणि तपकिरी रंग दिसतो. म्हणून तांब्याच्या कपचीची टेस्ट जोडीला करा. कोरडा क्षार, संहत सल्फ्युरिक आम्ल, तांबं, आणि मग गरम करणं. तांबं घातल्यावर तांबूस तपकिरी धूर दाटला, द्रावण निळं झालं, तर नायट्रेट.

तिसऱ्या ग्रुपचा पहारेकरी

धन आयन ओळखताना एकेक अभिकारक घालून ते ग्रुपवार खाली बसवत जातो. माझ्या मते सगळ्यात जास्त उत्तरं दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रुपच्या मध्ये चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी पहिला ग्रुप. द्रावण गार असतानाच विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. लेड क्लोराइड गरम पाण्यात चांगलं विरघळतं, ऊन द्रावणात साका (खाली बसणारा न विरघळलेला पदार्थ) दिसतच नाही. गार पाण्यातही ते थोडं विरघळतं, त्यामुळे शिसं दुसऱ्या ग्रुपमध्ये काळं होऊन पुन्हा भेटतं. त्यात चूक काही नाही.

दुसऱ्या ग्रुपला हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तेव्हा आम्लता साधारण ०.३ मोलर हवी. आम्ल जास्त झालं की सल्फाइड आयन इतके कमी होतात की शिसं, कॅडमियम खाली बसत नाहीत. द्रावण थोडं पातळ करून पाहा. उलट आम्ल कमी पडलं तर चौथ्या ग्रुपचं जस्त इथेच पांढरं होऊन येतं. मूळ द्रावण नायट्रिक आम्लात केलं असेल तर हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन पिवळट पांढरं गंधक सुटतं आणि लोक त्यालाच साका समजतात.

आता खरी मेख. तिसऱ्या ग्रुपकडे जाण्याआधी द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड पूर्ण घालवायचा. वास येत नाही म्हणजे गेला, असं धरू नका. हा वायू विषारी आहे आणि त्याने नाक बधिर होतं, म्हणून नाकावर विसंबण्यात अर्थ नाही. लेड ॲसिटेटचा ओला कागद वाफेवर धरा. काळा पडेनासा झाला की पुढे चला. वायू उरला तर अमोनिया घालताच चौथ्या ग्रुपची सल्फाइडं तिसऱ्यातच उतरतात.

नंतर संहत नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब घालून उकळायचं, कारण फेरसचं फेरिक व्हायला हवं; अमोनियम क्लोराइड असताना फेरस हायड्रॉक्साइड नीट बसत नाही. मग घन अमोनियम क्लोराइड आधी, अमोनिया नंतर. क्रम उलटला तर हायड्रॉक्साइड आयन वाढून मॅंगनीज, मॅग्नेशियमसुद्धा इथेच घुसतात.

फिकट लोळा

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. तिसऱ्या ग्रुपमधला ॲल्युमिनियमचा साका चिकट आणि इतका पारदर्शक असतो की नळी उजेडाकडे धरली तर हमखास निसटतो. गडद कागदापुढे धरा, पाच मिनिटं थांबा. खात्रीसाठी साका विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, निळ्या लिटमसचे दोन थेंब घाला (द्रावण लाल होईल), मग अमोनिया थेंबाथेंबाने कडेने सोडा. रंगहीन द्रावणात निळा लोळा तरंगला की झालं. अख्खं द्रावण निळं झालं तर लिटमस जास्त पडलंय.

चिमूटभर क्षार

पाचव्या ग्रुपमध्ये बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम याच क्रमाने का जायचं, कोणी लिहील का? क्रम पाठ असतो, कारण विचारलं की गाडी अडते.

ऑक्झलेट

बेरियमला क्रोमेट, सल्फेट, ऑक्झलेट हे तिन्ही अभिकारक चालतात, म्हणून. अमोनियम सल्फेटनेही साका, ऑक्झलेटनेही साका. स्ट्रॉन्शियमही ऑक्झलेटने खाली बसतं. त्यामुळे थेट ऑक्झलेट घालून 'कॅल्शियम' म्हटलं तर तिघांपैकी कोणीही असू शकतं. ग्रुपचा (अमोनियम कार्बोनेटने पडलेला) कार्बोनेटचा साका विरल ॲसेटिक आम्लात विरघळवून पोटॅशियम क्रोमेट घाला: पिवळा साका म्हणजे बेरियम. ॲसेटिक आम्लामुळे क्रोमेट आयन कमी राहतात, म्हणून स्ट्रॉन्शियम क्रोमेट बसत नाही. क्रोमेटला कोणी नाही तर नव्या भागात सल्फेट, तिथेही नाही तरच ऑक्झलेट.

ग्रुपचा साका पाडताना अमोनियम कार्बोनेट घातल्यावर द्रावण कोमटच ठेवा, साठ अंशांच्या पुढे नको. उकळलं की ते स्वतःच विघटित होऊन उडून जातं.

मॅग्नेशियमचा फॉस्फेटचा साका मात्र आळशी. अमोनिया पुरेसा आहे ना ते पाहा आणि काचकांडीने नळी आतून खरवडा. पांढरे स्फटिक आधी त्या ओरखड्यांवरच धरतात.