बाक बेंगरूळ असू शकतो का?

सुईदोरा: एक फालतू वाटेल असा प्रश्न आहे पण दोन दिवस डोक्यात भुंगा लागलाय. मी युट्यूब बघून पहिल्यांदाच ब्लाऊज शिवला, मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोलावा) अर्धा इंच जास्त कापला गेला आणि बाही काखेत गोळा व्हायला लागली. सासूबाईंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "बाकी ठीक आहे गं, पण बाह्या बेंगरूळ झाल्यात." शब्द मला इतका आवडला की राग यायचाच राहिला :) मग दुसऱ्या दिवशी सोसायटीत खाली नवीन सिमेंटचा बाक बसवला, पाठ एवढी उंच की आज्या बसल्या की मागून नुसता अंबाडा दिसतो, तर मी ग्रुपवर लिहिलं "बेंगरूळ बाक". लगेच एका काकांचा मेसेज, बाकाला बेंगरूळ म्हणत नाहीत, बेढब म्हणा. खरंच असं आहे का? आणि बाक बेंगरूळच ना, की बेंगरूळा?

काथ्याकूट: सोपं आधी. बेंगरूळाबिंगरूळा काही नाही. आकारान्त विशेषण असेल तरच ते बदलतं, गबाळा मुलगा, गबाळी मुलगी, गबाळं ध्यान. बेंगरूळ, बेढब, बोजड, अवजड, ओबडधोबड ही मंडळी कुणासाठीच बदलत नाहीत, बाई असो बुवा असो नाहीतर बाक.

आता काकांचं म्हणणं. माझ्या कानाला काका बरोबर वाटतात. ढब म्हणजे घाट, धाटणी, आणि त्याला फारशीतला 'बे' लागला की बेढब, जसं बेचव, बेसूर. म्हणजे मुळात आकारच फसलाय. बेंगरूळमध्ये कुणाचा तरी हात दिसतो, शिवणाऱ्याचा, नेसणाऱ्याचा. साडी बेंगरूळ नेसली म्हणतो, अक्षर बेंगरूळ काढलं म्हणतो. डोंगराला कोण बेंगरूळ म्हणेल?

खडीसाखर: म्हणजे बेंगरूळ पण बे अधिक काहीतरी असंच आहे ना?

काथ्याकूट: नाही हो, त्यात बें आहे, बे नाही. तोडून बघा, मागे 'गरूळ' उरतं, त्याचं काय लोणचं घालायचं?

गवंडीकाम: आमच्या धंद्यातलं सांगतो. दगड दोन प्रकारचा, घडीव आणि अनघड. अनघड दगड ओबडधोबड असतो, पण ती शिवी नाही, त्याच्यावर छिन्नी चाललेली नाही एवढंच. देवीचा तांदळा बघा, शेंदूर लावलेला नुसता दगड असतो, त्याला ओबडधोबड म्हटलं तर कुणी रागावणार नाही, बेढब म्हणून बघा, चपला शोधायच्या आत मार खाल. बेढब म्हणजे घडवायला गेला आणि घडलं नाही. तुमच्या बाकाचं तेच झालंय, साच्याची पाठच चुकीच्या मापाची असणार, म्हणून बेढब. आणि उचलायला चार माणसं लागली असतील तर अवजड पण.

रात्रपाळी: अवजड आणि बोजड एकच का? मला कायम गोंधळ होतो

काथ्याकूट: अवजडमध्ये फक्त वजन, टोमणा नाही. "अवजड वाहनांना प्रवेश बंद" अशी पाटी असते, दिल्लीत अवजड उद्योग मंत्रालय आहे, ते बोजड उद्योग मंत्रालय केलं तर मंत्री रुसतील. बोजड म्हणजे ज्याचा भार आपल्यावर पडतो, म्हणून सरकारी पत्रातली मराठी बोजड. बेढब मराठी असं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

शेळीवाला: यात अजागळ राहिला की. अजा म्हणजे शेळी, तिच्या गळ्याला दोन आचळासारखे लोंबतात, दूध नाही काही नाही, संस्कृतात त्याला अजागलस्तन म्हणजे बिनकामाची गोष्ट म्हणतात, त्यावरूनच अजागळ आला असं सांगतात. आमच्याकडे शेळ्या आहेत, रोज बघतो, शर्ट अर्धा आत अर्धा बाहेर असलेला माणूस अगदी तसाच लोंबत चालतो. पण अजागळ माणूसच. कपाट अजागळ नसतं.

गोधडी: मी काकांच्या विरुद्ध आहे. माझी आजी सगळ्याला बेंगरूळ म्हणायची, गाठोड्याला, बैलगाडीत भरलेल्या कडब्याला, एकदा तर केकला. तोल गेलेलं, एका बाजूला कललेलं काहीही असलं की बेंगरूळ. भाषा काय काकांच्या परवानगीने चालते का? शब्दकोशच हवा असेल तर मोल्सवर्थ नेटवर फुकट आहे, १८५७ची दुसरी आवृत्ती, पण माझं मत विचाराल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

आणि ताई, बाही सैल असेल तर तिला ढगळ म्हणायचं. ढगळ हल्ली फॅशनमध्ये आहे, पैसे देऊन घेतात.

काथ्याकूट: कडबा कुणीतरी हाताने रचलाय, केक कुणीतरी केलाय. माझ्याच बाजूने बोलताय की.

गोधडी: आणि बाक काय जमिनीतून उगवला?

सुईदोरा: :D :D काथ्याकूट दादा, आता उत्तर द्या. तोवर ग्रुपवर "बेढब आणि अवजड" असं लिहून टाकलं, काकांनी अंगठा दाखवला. बाही मात्र ढगळ नाही हो, काखेत गोळा आणि दंडाला घट्ट, म्हणजे सासूबाईंचाच शब्द खरा. उसवून बसलेय. छाती ३६ ला मुंढा किती धरायचा, कुणाला येतं का?