बोएथियसच्या चौथ्या भागात गट अडलाय: ‘दुष्ट माणूस दुबळाच’ हा युक्तिवाद कुठून तपासायचा?

लोहापूल
नमस्कार मंडळी. नागपुरात, धंतोलीत आमचा छोटा वाचनगट आहे. रविवारी सकाळी दोन तास बसतो. सध्या बोएथियसचं ‘कन्सोलेशन ऑफ फिलॉसफी’ चाललंय. बोएथियस म्हणजे सहाव्या शतकात इटलीवर राज्य करणाऱ्या थिओडोरिक राजाचा मोठा अधिकारी, राजद्रोहाचा आरोप, डोक्यावर मृत्युदंड, आणि अशा वेळी फिलॉसफी बाईच्या रूपात येऊन त्याची कानउघाडणी करते. इथवर सगळे खूश होते. दैवाचं चाकही पटलं. पण चौथ्या भागात बाई म्हणते की दुष्टांकडे सामर्थ्य नसतंच, सुटलेला गुन्हेगार शिक्षा झालेल्यापेक्षा जास्त दुःखी असतो, आणि मुळात दुष्टपणा म्हणजे ‘काहीच नाही’. इथे गटात दोन तट पडले. काही म्हणतात, ही निव्वळ तोंडाला पानं पुसणं आहे. बाकीचे म्हणतात, हे तर आपलं कर्मच, त्यात नवीन ते काय!

हा युक्तिवाद नीट तपासायचा तर कुठून धरायचा? सोबत काय वाचायचं आणि किती? तत्त्वज्ञानाची पदवी कोणाकडे नाही, इंग्रजी कामापुरतं आहे.

तर्कसंग्रह
चौथा भाग चौथ्या भागापासून तपासू नका. त्याची सगळी भिस्त तिसऱ्यावर आहे. लोक तिसरा भाग ‘पैशाने सुख मिळत नाही’ छापाचं प्रवचन समजून भराभर उलटतात, आणि नेमकी तिथेच न वाचता सही करून बसतात. मग चौथ्यात हप्ते सुरू झाले की ओरडतात.

सही कुठे होते ते पाहा. (पुस्तकात गद्य आणि कविता आलटून पालटून येतात, क्रमांक त्यांचे.) तिसऱ्या भागाच्या दुसऱ्या गद्यात व्याख्या येते: सुख म्हणजे असं काही, की ते मिळाल्यावर आणखी काही हवंसं उरत नाही. माणसं त्याच्याकडे पाच वाटांनी धावतात: संपत्ती, पद, सत्ता, कीर्ती, शरीरसुख. तिसऱ्यापासून सातव्या गद्यापर्यंत एकेक वाट तपासली आहे आणि टीका बहुतेक एकाच साच्याची आहे: ही वस्तू जे देईन म्हणते तेच देत नाही. पैसा म्हणे गरज संपवतो, पण पैसा राखायला पुन्हा दुसऱ्यांचीच गरज लागते.

खरा सांधा नवव्या गद्यात आहे. बाई म्हणते, या पाच वेगळ्या वस्तू नाहीतच. स्वयंपूर्णता, सामर्थ्य, आदर, कीर्ती आणि आनंद ही एकाच वस्तूची पाच नावं. माणूस तिचे तुकडे करून एक तुकडा घ्यायला जातो, म्हणून त्याच्या हाती तुकडाही लागत नाही. दहाव्यात ही अखंड वस्तू म्हणजे ईश्वर असं ठरतं. बाराव्यात ‘ईश्वराला अशक्य काही नाही, ईश्वर वाईट करू शकत नाही, म्हणून वाईट म्हणजे काहीच नाही’ हा झटका बसतो. तिथे खुद्द बोएथियस कुरकुरतो की तू मला भूलभुलैयात फिरवते आहेस. त्याची ती कुरकुर गंभीरपणे घ्या.

आता चौथ्याचं दुसरं गद्य. कुठलंही काम तडीस जायला इच्छा आणि क्षमता दोन्ही लागतात. इच्छा तर सगळ्यांची एकच, सुखाची. सज्जनाला ते मिळतं, दुष्टाला मिळत नाही. इच्छा असून जमत नाही म्हणजे क्षमता कमी. उदाहरण त्याचंच आहे: एक माणूस पायांनी चालतो, दुसरा पाय सोडून हातांवर चालायला बघतो; यात बलवान कोण? आणि ‘काहीच नाही’ याचा अर्थ दुष्ट माणूस अस्तित्वातच नाही असा नाही. प्रेताला आपण ‘मेलेला माणूस’ म्हणतो, नुसतं ‘माणूस’ म्हणत नाही, तसं. माणसात जे असायला हवं ते त्याच्यात उरलेलं नाही. ऑगस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने शंभरेक वर्षं आधी हेच जखमेच्या आणि रोगाच्या भाषेत सांगितलं होतं: रोग ही शरीरात राहायला आलेली स्वतंत्र वस्तू नव्हे, आरोग्याची उणीव आहे.

गटात करायचं काम एवढंच: कागदावर दोन रकाने पाडा, ‘कबूल’ आणि ‘सिद्ध’. बोएथियस जिथे जिथे ‘हो, खरंय’ म्हणतो, तिथे थांबून ठरवा की ते वाक्य कोणत्या रकान्यात जातं. व्याख्या ‘कबूल’मध्ये जाणार. नवव्या गद्यातला ‘पाचही एकच’ हा मुद्दा सिद्ध केल्यासारखा दिसतो, पण माझ्या मते तोही ‘कबूल’मध्येच पडतो. एखादा हुकूमशहा म्हणू शकतो, ‘मला तुमचं अखंड सुख नकोच, मला फक्त सत्ता हवी होती आणि ती मिळाली.’ त्याला उत्तर द्यायचं तर नववं गद्य टिकायला हवं. ते पडलं तर चौथ्याचं दुसरं गद्य आपोआप पडतं. तुमच्या तट पडलेल्या गटाने भांडायचं ते इथे.

पाच भाग म्हणजे पाच बैठका असा हिशेब चालणार नाही. पहिला आणि दुसरा एकेका बैठकीत होतात. तिसऱ्याला दोन द्या: गद्य १ ते ९, मग १० ते १२. चौथ्याला तीन: १ ते ३, मग ४ आणि ५, मग ६ आणि ७. पाचव्याला दोन. पुस्तकात ३९ गद्यं आणि ३९ कविता आहेत. गद्य मोठ्याने वाचा, कविता त्यानंतर. कविता गाळणारे गट हमखास एका गोष्टीला मुकतात: तिसऱ्यातली नववी कविता. अठ्ठावीसच ओळी आहेत, पण प्लेटोच्या ‘टिमेयस’ या संवादाचा अर्क आहे आणि पुस्तकाचा कणा तिथे आहे. तिच्याआधी सगळं खंडन आहे, तिच्यानंतर मांडणी सुरू होते.

पानउलट
वरच्यांशी सहमत. प्रतींबद्दल थोडं. इंग्रजी बेताचं असेल तर एच. आर. जेम्सचा १८९७चा अनुवाद घ्या. प्रताधिकार संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला प्रकरणवार सारांश आहे. भाषा जुनाट आहे, पण सारांशामुळे निभावतं. सोबत व्हिक्टर वॉट्सचा पेंग्विन अनुवाद एकाकडे तरी असू द्या. पानांचे क्रमांक मात्र वापरू नका, प्रत्येक प्रतीत वेगळे. ‘चौथा भाग, दुसरं गद्य’ असंच म्हणा, नाहीतर अर्धा तास पान शोधण्यात जातो.

जोडवाचनाला दोनच तुकडे, जास्त नाही.

पहिला: प्लेटोचा ‘गॉर्जियस’ हा संवाद, ४६६ ते ४८१. हे आकडे १५७८च्या एस्तिएनच्या आवृत्तीतले, बहुतेक प्रतींत समासात छापलेले असतात. बोएथियसचा चौथा भाग इथूनच निघाला आहे. सॉक्रेटिसशी वाद घालणारा पोलस मॅसिडोनियाचा राजा आर्केलाओस याचं उदाहरण देतो: काका, चुलतभाऊ आणि सात वर्षांचा सावत्र भाऊ यांना मारून गादीवर बसलेला, मग तो दुःखी कसा? सॉक्रेटिस म्हणतो, अन्याय सोसण्यापेक्षा करणं वाईट, आणि शिक्षा चुकवणारा हा डॉक्टरला घाबरून रोग अंगावर काढणाऱ्यासारखा. ४७३च्या शेवटी पोलस चक्क हसतो. त्याला हसू द्या, पण ४७४ आणि ४७५ शब्दाशब्दाने वाचा. अन्याय करणं जास्त लाजिरवाणं आहे एवढं पोलस मान्य करतो आणि तिथेच सापडतो. लाजिरवाणं म्हणजे एकतर जास्त दुःखद किंवा जास्त वाईट. दुःखद तर नाही, म्हणून वाईट. पण वाईट कोणासाठी? करणाऱ्यासाठी, की गावासाठी? सॉक्रेटिस हे मोघम ठेवतो. बोएथियस लाजेच्या वाटेने जातच नाही, माणसाच्या स्वाभाविक ओढीवरून जातो. या एका जागी शिष्य गुरूपेक्षा सावध आहे.

दुसरा: ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमेकियन एथिक्स’चा पहिला भाग, प्रकरण ७ ते १०, आणि सातव्या भागाचं तेरावं प्रकरण. हा विरोधी पक्षाचा वकील. सुखाला सद्गुण हवाच, पण मित्र, थोडा पैसा, बरी संतती हेही लागतं. ट्रॉयचा राजा प्रायम याच्यावर कोसळली तशी संकटं कोसळली तर त्या माणसाला सुखी कोणी म्हणणार नाही. आणि छळाच्या चाकावर बांधलेला माणूसही सज्जन असेल तर सुखीच, असं म्हणणारे निरर्थक बोलतात, असं तो सरळ लिहितो. जे ‘तोंडाला पानं पुसली’ म्हणताहेत त्यांच्या हाती हे द्या. त्यांची तक्रार सव्वादोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि बऱ्या हातात आहे.

संत्राबर्फी
एक छोटी सूचना. चर्चेत कोणीतरी व्हॉट्सॲपवरचं ‘एपिक्युरस म्हणतो, देव वाईट थांबवू इच्छितो पण शकत नाही? मग तो सर्वशक्तिमान नाही…’ हे आणणारच. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या उपलब्ध लिखाणात ते नाही. ते लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने त्याच्या नावावर दिलं आहे. युक्तिवाद म्हणून जरूर वापरा, पण एपिक्युरसचे देव जगाच्या कारभारात लक्षच घालत नाहीत, त्यामुळे त्याला स्वतःला हा पेच पडत नाही. त्याचं सुखावरचं मत बघायचं तर मेनोइकियसला लिहिलेलं पत्र वाचा. अर्ध्या तासात होतं.

महाल_गल्ली
‘हे आपलं कर्मच’ म्हणणाऱ्यांसाठी. हो जी, प्रश्न सारखा आहे. उत्तर नाही.

ब्रह्मसूत्रांत हा प्रश्न अगदी कोर्टातल्या आरोपासारखा मांडलाय. दुसऱ्या अध्यायाचा पहिला पाद, सूत्र ३४: ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. ईश्वरावर दोन आरोप आहेत, पक्षपात आणि निर्दयपणा. उत्तर असं की सृष्टी प्राण्यांच्या धर्माधर्माच्या अपेक्षेने होते. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांना सारखा, भात आणि जव यांतला फरक बियाण्यातला. लगेच ३५व्या सूत्रात आक्षेप येतो: पहिल्या सृष्टीआधी कर्म कुठून आलं? उत्तर: संसार अनादि आहे, पहिली सृष्टी असं काही नाहीच.

बोएथियसकडे हा अनादि संसार नाही, पुनर्जन्माचा आधार नाही. त्यामुळे आजचं दुःख मागच्या खात्यात टाकायची सोय त्याला नाही. त्याला याच आयुष्यात, याच क्षणी दुष्ट हा हरलेला आहे हे दाखवावं लागतं. म्हणूनच तो इतका टोकाला जातो. ‘कर्मच की’ म्हणून सोडून दिलं तर त्याची अडचणही दिसत नाही आणि धाडसही नाही.

शिवाय आपल्याकडेही सगळे कर्मावर भागवत नाहीत. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात, वेदना संयुत्तात सीवक सुत्त आहे. ‘माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे’ या मताबद्दल सीवक विचारतो. बुद्ध आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. आठातलं एक! दीक्षाभूमीच्या गावात हे सुटून कसं चालेल? त्याला जोडून बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना वाचा, थोडकीच पानं आहेत. चार आर्यसत्यांबद्दलचा आणि कर्म-पुनर्जन्माबद्दलचा प्रश्न त्यांनी तिथे उघडच मांडला आहे. मराठी प्रत सहज मिळते.

आणि तुरुंगातलंच पुस्तक हवं असेल तर टिळकांचं ‘गीतारहस्य’ आहेच, मंडालेत लिहिलेलं, १९१५ साली छापलेलं. सगळं नको. चौथं प्रकरण ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि पाचवं ‘सुखदुःखविवेक’. बोएथियसच्या पाच वाटांसमोर पाचवं ठेवून बघा. भाषा जड वाटली तर रेटून न्या, दहा पानांनंतर वळण पडतं.

लोहापूल
भरपूर झालं, आभार सगळ्यांचे. एक काटा मात्र राहिला. समजा मान्य केलं की अन्याय करणारा स्वतःचंच वाटोळं करतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला यातून काय मिळालं? गटातल्या एका ताईंनी हे विचारलं आणि सगळे गप्प.

तर्कसंग्रह
ताईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. चौथ्याचं चौथं गद्य पुन्हा पाहा. तिथे दुष्टाची तिहेरी दुर्दशा सांगितली आहे: वाईट इच्छिणं, वाईट करता येणं, वाईट तडीस नेणं. तिन्ही करणाऱ्याच्या बाजूच्या. सोसणाऱ्याबद्दल बाई एवढंच म्हणते की खटल्यात दया पीडिताची भाकतात, पण खरी दया आरोपीची यायला हवी, कारण रोगी तो आहे. हे वाक्य ऐकून राग आला नाही तर वाचन अर्धवट झालं म्हणा.

सोसणाऱ्याला उत्तर चौथ्या भागात शोधू नका. जे आहे ते दुसऱ्या भागात आहे: दैवाने दिलेलं तुझं नव्हतंच, तर गेलं म्हणून अन्याय कसला. मालमत्ता, पद, कीर्ती यांना हे लागू पडतं, कारण बोएथियसचं हेच गेलं होतं. भूकंपात लेकरू गमावलेल्या आईला ते लागू करायला गेलात तर पुस्तक तोकडं पडतं. तो प्रश्न युरोपात १७५५च्या लिस्बनच्या भूकंपानंतर ऐरणीवर आला. त्याच प्रश्नावर चार वर्षांनी व्होल्तेरची ‘कॅन्डीड’ ही उपहासात्मक कादंबरी आली. माणसाने केलेलं वाईट आणि निसर्गातून आलेलं दुःख हे दोन कागद वेगळे ठेवा. बोएथियसला पहिल्या कागदावरच जाब विचारा.

पाचव्या गद्यात बोएथियस स्वतः ताईंच्या जवळपासचा प्रश्न विचारतो: सज्जनांवर शिक्षा आणि दुष्टांना बक्षिसं अशी अदलाबदल का? सहाव्या गद्यात बाई उत्तर द्यायला बसते आणि ते पुस्तकातल्या सर्वात लांब गद्यांपैकी एक आहे. ईश्वराच्या बुद्धीत एकत्र असलेली योजना आणि काळात उलगडणारी नियती यांतला भेद, मग एकाच केंद्राभोवती फिरणारी वर्तुळं, जितकं केंद्राजवळ तितकं मोकळं. हे एका दमात वाचू नका. वर्तुळांपाशी थांबा, फळ्यावर काढा, आणि ताईंनाच विचारायला सांगा की पीडित माणूस कोणत्या वर्तुळावर बसवलाय आणि तो कोणी बसवला.