रोमिओ-ज्युलिएट: नशीब म्हणून सोडून द्यायचं का?

खिडकी
भाचीला बीएला शेक्सपिअरचं रोमिओ-ज्युलिएट आहे म्हणून तिच्यासोबत मीपण पुन्हा वाचलं आणि यावेळी रडू नाही आलं, राग आला. नाटकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की दोघांचे ग्रहच वाईट, मग आपणपण सगळं नशिबावर ढकलून मोकळे होतो. पण पाचवा अंक बघा. नको असलेलं लग्न टाळायला ज्युलिएट फ्रायर लॉरेन्स या साधूने दिलेलं झोपेचं औषध घेऊन निपचित पडलीये, मेलेली नाही, पण रोमिओचा नोकर बाल्थझार मॅन्चुआला, म्हणजे रोमिओ हद्दपार होऊन राहतो त्या शहरात, येऊन सांगतो ती गेली. रोमिओ त्याला विचारतो, फ्रायर लॉरेन्सची चिठ्ठी नाही का आणलीस? एकदा नाही, दोनदा! आणि नाही म्हटल्यावर असू दे म्हणून ४० डकॅट (सोन्याची नाणी) मोजून विष घेतो. एक दिवस थांबता आलं नसतं?

रात्रपाळी
असहमत. ती मेलेली नाही हे कळवणारी चिठ्ठी का नाही पोचली तेपण सांगा ना. फ्रायर जॉन हा लॉरेन्सचा सहकारी साधू ती घेऊन निघाला, सोबतीला दुसऱ्या साधूला बोलवायला गेला, तो आजाऱ्यांना बघत होता, तिथे प्लेगचा संशय आला आणि दोघांना आत ठेवून दारं सील केली. यात रोमिओ काय करणार? २०२० मध्ये आमची बिल्डिंग सील होती, गेटला पत्रे ठोकलेले, माझे काका दुसऱ्या शहरात वारले आणि आम्हाला खाली उतरतासुद्धा आलं नाही. सगळं माणसाच्या हातात नसतं हो.

खिडकी
काकांचं वाचून फार वाईट वाटलं. प्लेगचं मान्य. पण रोमिओ मॅन्चुआला जाताना फ्रायर लॉरेन्सनेच सांगितलेलं ना, तुझ्याच माणसाकडून निरोप देत जाईन? तो माणूस, म्हणजे बाल्थझार, ज्युलिएटच्या गावी व्हेरोनातच होता, ज्युलिएटला घराण्याच्या थडग्याच्या तळघरात ठेवताना त्याने स्वतः बघितलं. ठरलेला माणूस सोडून दुसऱ्याला पाठवलं, याला काय म्हणायचं?

उंबरठा
तुम्ही दोघं साधूंवरच अडकलात. ज्युलिएटचा बाप कुठे गेला? मुलीला १४ पण पूर्ण नाहीत. आधी तिला मागणी घालणाऱ्या पॅरिस नावाच्या सरदाराला म्हणतो अजून दोन उन्हाळे जाऊ देत, मग सोमवारी रात्री परस्पर गुरुवारचं लग्न ठरवतो, ती नाही म्हणाली तर रस्त्यावर मर म्हणतो, आणि हो म्हणाली तर लग्न बुधवारवर आणतो!! निरोप पोचायला जो एक दिवस मिळाला असता तो बापाने खाल्ला. आईने तोंड फिरवलं, लहानपणापासून सांभाळणारी दाईपण म्हणते पॅरिसशीच कर. मग ती औषधाची बाटली नाही उचलणार तर काय करेल? माझ्या आतेबहिणीच्या वेळी आजी म्हणाली सटवाईने लिहिलेलं कुणाला चुकलंय, आणि ते स्थळ घाईघाईत ठरवणाऱ्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून हे वाक्य मला सहन होत नाही.

पावसाळी
उंबरठा +१. शेक्सपिअरने ज्या आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या कवितेवरून हे घेतलं तिच्यात गोष्ट काही महिने चालते आणि मुलगी १६ ची आहे. त्याने तिला १३ ची केली आणि सगळं चार-पाच दिवसांत बसवलं. कुणालाच विचार करायला वेळ मिळू नये हे मुद्दाम केलंय, मला तर नशिबापेक्षा ती घाईच दिसते.

रात्रपाळी
आणि ज्युलिएटचा चुलतभाऊ टायबाल्ट, त्याचं काय? रोमिओ भांडण सोडवायला मधे पडला आणि नेमकी त्याच्याच हाताखालून त्याचा मित्र मर्क्युशिओला टायबाल्टची तलवार लागली.

खिडकी
त्यानंतर स्वतःची तलवार उपसून टायबाल्टला रोमिओनेच मारलं ना, ज्युलिएटशी लग्नाला जेमतेम तास झालेला. आणि शेवटी तळघरात तो तिच्याकडे बघून स्वतः म्हणतो, ओठ अजून लाल आहेत, गाल लाल आहेत. समोर दिसतंय! तरी विष पितो आणि थोड्याच वेळात ती जागी होते.

रात्रपाळी
हे गालांचं मी विसरलो होतो. पण काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कधी, कसं, काहीच विचारलं नाही, बरं म्हणून फोन ठेवला आणि नंतर कितीतरी वेळ हातातल्या कपाकडे बघत बसलो. त्या क्षणी समोरचं दिसत नाही. म्हणून त्या पोराला उतावळा म्हणणं मला नाही जमणार.