मदत हवी आहे: उबुंटू सर्व्हरवर ना पॅकेज निघत, ना बसत (नागपूर, तातडीचं)

संत्रा_सर्व्हर: एनजिनएक्स काढून अपाचे टाकायचं आहे (दोन्ही वेब सर्व्हर). एपीटीने (पॅकेज टाकायची-काढायची कमांड) रिमूव्ह दिलं की एरर, इन्स्टॉल दिलं तरी तीच. सगळं करून पाहिलं. कळमन्यातल्या एका अडतीचं बिलिंग यावर आहे, पहाटे गाड्या लागायच्या आत सुरू पाहिजे. लवकर सांगा राजेहो.

लाल_दिवा: 'सगळं' म्हणजे काय काय? व्हर्जन? एरर जशीच्या तशी टाका.

वर्धा_रोड: लॉक असेल, म्हणजे दुसरी प्रोसेस पॅकेजांवर काम करत असेल. व्हार-लिब-डीपीकेजी (डीपीकेजी म्हणजे एपीटीच्या खालचं, प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं साधन) मधली लॉक-फ्रंटएंड फाइल उडवा, चालेल.

लाल_दिवा: भाऊ, हे कोणालाच सांगू नका. ती फाइल तिथे कायमच असते; चालू प्रोसेस तिच्यावर कुलूप लावते. फाइल उडवली तर दोन डीपीकेजी एकाच वेळी स्टेटस फाइलीत लिहू शकतात आणि पॅकेजांची सगळी नोंद बिघडते. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप होणारे अपडेट) चालू असेल तर संपू द्या.

धंतोली_७: रिमूव्हने कॉन्फिग (सेटिंगच्या फायली) मागे राहते. पर्ज वापरा, त्याने तीही जाते. डीपीकेजी -एल मध्ये 'आरसी' दिसतं ते हेच.

संत्रा_सर्व्हर: ते नाही विचारलं दादा. २२.०४ आहे. 'अनमेट डिपेंडन्सीज' (लागणारी दुसरी पॅकेजं नाहीत) दाखवून राहिलं, फिक्स-ब्रोकन (अर्धवट पॅकेजं दुरुस्त करणं) केलं तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क तर ६० जीबी रिकामी आहे!

गायत्रीनगर: डीएफ -एच (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मध्ये बूटची (मशीन सुरू करणाऱ्या फायलींच्या भागाची) ओळ वेगळी आहे का?

संत्रा_सर्व्हर: हो. ४८८ एमबी, १०० टक्के. त्यात कर्नल (सिस्टमचा गाभा) ९१, ९४, ९७ आणि अर्धवट १००.

गायत्रीनगर: मग हेच. एका कर्नलची इनिटआरडी (सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरची फाइल) शंभरेक एमबी, वर कर्नल आणि सिस्टम मॅप ही त्याची आणखी एक फाइल; चौथ्याला जागाच उरत नाही. फिक्स-ब्रोकन पुन्हा तोच १०० बसवायला जातं, म्हणून फिरून तिथेच. एपीटी बाजूला ठेवा, थेट डीपीकेजी वापरा.

आधी युनेम -आर, ते आत्ता चालू असलेला कर्नल दाखवतं. ९७ आलं तर ९७ ला हात लावू नका. मग एकाच कमांडमध्ये तिन्ही नावं:
सुडो डीपीकेजी --पर्ज लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-५.१५.०-९१-जेनेरिक लिनक्स-इमेज-५.१५.०-९१-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-५.१५.०-९१-जेनेरिक

एक्स्ट्रा नसेल तर ते नाव वगळा. मग एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, त्यानंतर ऑटोरिमूव्ह --पर्ज (नको असलेली जुनी पॅकेजं काढतं). बूटमधल्या फायली आरएमने (फाइल थेट पुसणारी कमांड) उडवू नका. आणि तोवर रीबूट अजिबात नको, अर्धवट १०० ग्रबमध्ये (सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्रॅम) गेला असेल तर मशीन उठणार नाही.

वर्धा_रोड: इनिटरामएफएस.कॉन्फमध्ये (इनिटआरडी कशी बनवायची ते ठरवणारी फाइल) मॉड्यूल्स=डेप करा, इनिटआरडी बरीच लहान होते.

लाल_दिवा: होते, पण त्यात फक्त आत्ताच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर जातात. उद्या डिस्क दुसऱ्या कंट्रोलरवर लावली की रूट (सिस्टम असलेला मुख्य भाग) सापडत नाही. सर्व्हरवर 'मोस्ट'च (बहुतेक ड्रायव्हर घेणारं) ठेवा.

मिहान_रात्रपाळी: रॉकीवर (दुसरं लिनक्स) या. तिथलं डीएनएफ (एपीटीसारखंच साधन) तीनच कर्नल ठेवतं, इन्स्टॉलओन्ली_लिमिट या सेटिंगमुळे.

गायत्रीनगर: उबुंटूतही ऑटोरिमूव्ह जुने काढतंच. हाताने बसवलेले मात्र 'मॅन्युअल' धरले जातात, म्हणून साचतात. एपीटी-मार्क शोमॅन्युअल मध्ये लिनक्स-इमेज शोधा.

धंतोली_७: आणि यूपीएसवर करा. डीपीकेजी चालू असताना लाइन गेली तर डीपीकेजी --कॉन्फिगर -ए द्यावं लागेल.

संत्रा_सर्व्हर: ९१ निघाला, १०० बसला! ९१ अन् ९४ मॅन्युअलच होते. अपाचेही टाकलं, पण सुरू होत नाही. ८० पोर्ट (वेब सर्व्हरचा नेहमीचा क्रमांक), 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'.

लाल_दिवा: एनजिनएक्स काढलं का आधी?

संत्रा_सर्व्हर: नाही, राहिलंच.

लाल_दिवा: तेच ८० धरून बसलंय. ते पर्ज करा, मग अपाचे२ रीस्टार्ट.